गमबूट, वेली, गमी, कातियुस्का: नाव वाचा, पण तळही उलटून बघा

‘गमबूट’मधला गम म्हणजे रबर. प्रत्यक्षात या नावाने मिळणाऱ्या स्वस्त जोडांपैकी बहुतेकांत रबर औषधालाही नसतं, ते पीव्हीसीचे असतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पीव्हीसीचा बूट वाईटच असतो असं मुळीच नाही. पण त्याला सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन चालत नाही, थंडीत तो आखडतो आणि तेला-चरबीत त्याची तब्येत बिघडते. रबरी बुटाची दुखणी निराळी असतात. पाणी आत येऊ न देणाऱ्या रोजच्या बुटांचं सगळं खानदानच इथे परीक्षणाला घेतलं आहे. सुरुवात नावांपासून, कारण ऑनलाइन मागवताना समोर नाव आणि फोटो एवढंच असतं, बूट हाताळता येत नाही.

एक नाव, चार वस्तू

सगळ्यात प्रसिद्ध नाव वेलिंग्टन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबी नावाच्या चांभाराकडून हेसियन बुटाचं (गुडघ्यापर्यंतचा, गोंडा लावलेला लष्करी बूट) सुटसुटीत रूप करून घेतलं, त्यावरून हे नाव पडलं. तो बूट कातड्याचा होता. रबराचा वेलिंग्टन यायला गुडइयरचं व्हल्कनायझेशन, म्हणजे रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याचं तंत्र, यावं लागलं (अमेरिकन पेटंट १८४४). हायरम हचिन्सन यांनी ते तंत्र पादत्राणांसाठी घेऊन १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बूट काढायला सुरुवात केली. १८५६ मध्ये एडिंबरात नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी उभी राहिली, आजच्या हंटर बुटांचं मूळ तिथलं. पहिल्या महायुद्धात खंदकांत पाणी साचायचं, तेव्हा याच कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी जवळपास १२ लाख जोड बनवले.

ब्रिटनमध्ये घरोघरी त्याचं ‘वेली’ झालं. ‘ग्रीन वेली’ म्हटलं की तिथे खेड्यात बंगला बाळगून असणारी सुखवस्तू मंडळी डोळ्यांपुढे येतात, म्हणजे रंगालासुद्धा सामाजिक वजन आलं. ग्राहकासाठी खरी मेख पुढेच आहे. अमेरिकेत कामगारांच्या बुटांच्या दुकानात ‘वेलिंग्टन’ मागितला तर आजही कातड्याचा, बिनलेसचा, ओढून घालायचा बूट पुढे येतो. अमेरिकन संकेतस्थळावर हे नाव टाकून चिखलाचा बूट शोधू नये. तिथे ‘रबर बूट’ किंवा ‘रेन बूट’ म्हणावं. त्यातही ‘रेन बूट’ म्हणजे बहुधा पातळ, चकचकीत, शहरी माल; ‘रबर बूट’ म्हणजे कामाचा.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात गमबूट, घरात ‘गमी’. न्यूझीलंडमध्ये ‘रेड बँड’ हे एका उत्पादनाचं नाव जवळजवळ सामान्यनाम झालं आहे. स्केलरप कंपनीने १९५८ मध्ये आणलेला हा आखूड बूट, वर लाल पट्टी. तिथल्या तायहापे गावात १९८५ पासून गमबूटफेकीची स्पर्धा भरते. गुडघ्यापर्यंतच्या बुटाची सवय असलेल्याला रेड बँड आधी अर्धवट वाटतो, पण चढउतार, ट्रॅक्टरवर चढणं, वारंवार उकिडवं बसणं यासाठी आखूड नळीच सोयीची. पोटरी घासत नाही आणि वाकताना गुडघ्यामागे नळीची कड टोचत नाही. ज्याला गुडघाभर पाण्यात उतरायचं नाही, त्याने उंचीच्या मोहात पडू नये.

दक्षिण आफ्रिकेत गमबूट हे खाणकामगारांचं पादत्राण. त्या बुटांवर थापा मारत करायचा गमबूट नाच तिथूनच आला. आफ्रिकान्स भाषेत हेच ‘वॉटरस्टेवल’. फिनलंडमध्ये ‘कुम्परित’, आणि तिथली गंमत म्हणजे मोबाइलवाल्या नोकियाच्या पूर्वजांतली एक कंपनी १८९८ सालचा रबराचा कारखाना होती. १९६७ च्या विलीनीकरणानंतर नोकियाच्या नावाखाली बूटही विकले जायचे, १९९० मध्ये तो धंदा वेगळा झाला. जर्मनीत ‘गुमीश्टीफल’, चेकमध्ये ‘होलीन्की’, जपानमध्ये ‘नागागुत्सु’ म्हणजे लांब बूट. स्पेनमध्ये ‘कातियुस्का’, १९३१ च्या एका संगीतिकेच्या नायिकेवरून. मराठीत गमबूट, रबरी बूट, लाँगबूट, पावसाळी बूट अशी सगळी नावं चालतात आणि त्यांतल्या एकानेही उंची किंवा साहित्य कळत नाही.

खरा सापळा ‘गलोश’ या शब्दाचा. इंग्रजीत तो नेहमीच्या बुटावर चढवायचा रबरी वरबूट. पोलिश ‘कालोशे’ आणि ब्राझीलची ‘गालोशा’ हे चांगले पोटरीपर्यंतचे अख्खे गमबूट. रशियन ‘गालोशी’ म्हणजे बसकं रबरी पादत्राण, फेल्टच्या बुटावर चढवा नाहीतर नुसतंच अंगणात घाला. आणि तुर्की ‘गालोश’ म्हणजे दवाखान्यात शिरताना बुटांवर ओढायची प्लास्टिकची पिशवी. एकच शब्द टाकून चार देशांतून माल मागवला तर चार निराळ्या वस्तू येतील.

नावावरून गुण कळतो अशी उदाहरणंही आहेत. अलास्कात तपकिरी ‘एक्स्ट्राटफ’ बुटांना ‘अलास्कन स्नीकर’ म्हणतात आणि लुइझियानात कोळंबी धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बुटांना ‘केजन रीबॉक’. दोन्ही नावांत थट्टा आहे, पण अर्थ सरळ आहे: हे बूट लोक दिवसभर घालतात, बाजारातही घालून जातात. दिवसभर पायात राहणारा गमबूट लवचीक आणि पायाला धरून बसणारा असावा लागतो. टोपणनावात स्नीकर आलं की ती अट पूर्ण झाली असं धरायला हरकत नाही.

घरातली नावं बहुधा जागेवरून पडतात: बागेचे, गोठ्याचे, गाडीतले. हे नामकरण उपयोगाचं आहे. गोठ्यात वापरलेला जोड मुदपाकखान्यात किंवा दुसऱ्याच्या गोठ्यात जाता कामा नये. तळाच्या खाचांत बसलेली घाण वरवर धुऊन निघत नाही. नळीच्या आत वरच्या कडेला पक्क्या मार्करने जागेचं नाव लिहावं. बाहेर लिहिलेलं महिन्याभरात पुसलं जातं.

साहित्य: इथे वेळ घालवा

नैसर्गिक रबर. चांगला रबरी बूट आजही बराचसा हाताने रचला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यावर आधी सुती किंवा नायलॉनचं विणलेलं अस्तर चढतं, त्यावर कच्च्या रबराचे कापलेले तुकडे एकेक करून बसवतात: चवडा, टाच, घोट्याचा आधार, नळी, कडेची पट्टी, तळ. मग अख्खा जोड भट्टीत दाबाखाली भाजला की तुकडे एकजीव होतात. या बुटाला मऊपणा, ताण घेऊन परत मूळ जागी येणं आणि थंडीतही न आखडणं हे गुण मिळतात. किंमत मजुरीची असते. दोष दोन. पेट्रोल, डिझेल, ग्रीस लागलं की रबर फुगतं आणि पिठूळ होतं. दुसरा शत्रू ओझोन. हवेतला थोडासा ओझोनही ताणलेल्या रबराला चिरे पाडतो, म्हणूनच चिरा नेहमी चवड्याच्या मोडीवर आणि घोट्याच्या सुरकुतीत, ताणाला आडव्या पडतात. बूट दुमडून ठेवला की तो महिनोन्महिने ताणलेलाच राहतो, आणि वापर न होताही तडकतो. विजेच्या मोटारीजवळ आणि उन्हात ठेवला तर आणखी लवकर.

रबरी बुटावर पांढुरकी पावडर आली की लोक माल जुना आहे म्हणून परत करतात. ते चूक. रबरात मिसळलेलं मेण आणि इतर घटक पृष्ठभागावर येतात, त्याला ब्लूम म्हणतात. त्यातलं मेण ओझोनपासून रक्षण करायलाच घातलेलं असतं. ओल्या फडक्याने पुसावं, फारच डोळ्यांत खुपत असेल तर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात फिरवावा. चमक यावी म्हणून खाद्यतेल किंवा इंजिन ऑइल चोळू नये. दोन दिवस चकाकतं आणि रबर कुजतं.

पीव्हीसी. वितळलेला पीव्हीसी साच्यात दाबून काही मिनिटांत अख्खा बूट बाहेर पडतो. सांधा नाही म्हणजे गळण्याची जागाही नाही, आणि हा स्वस्त बुटाचा खरा गुण आहे. नवा पीव्हीसी बूट पाण्याच्या बाबतीत महागड्या रबरी बुटाच्या तोडीस तोड असतो. पुढे मात्र गणित बदलतं. पीव्हीसी मुळात कडक. मऊपणा येतो तो त्यात घातलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो हळूहळू निघून जातो, तेला-चरबीच्या संपर्कात झपाट्याने जातो. मग चवड्याच्या मोडीवर बूट आधी पांढरट होतो, नंतर कडक आणि शेवटी आरपार चिरतो. कडाक्याच्या थंडीत नवाही आखडतो. दूध, मासळी, मांस या कामांसाठी साधा पीव्हीसी घेऊच नये, नायट्रिल (तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर) मिसळलेला घ्यावा. असा बूट बहुधा पांढरा असतो, आणि त्यावर घाण लगेच दिसते हाच पांढरा असण्याचा हेतू. उन्हात राबायचं असेल तर काळा बरा. काळ्या रंगासाठी वापरलेला कार्बन ब्लॅक अतिनील किरण अडवतो.

पॉलियुरेथेन. भिंतीत हवेचे बारीक बंद बुडबुडे असतात, त्यामुळे बूट हलका आणि उबदार. डनलॉपचे ‘प्युरोफोर्ट’ याच जातीचे. उभ्याने आठ तास काम करणाऱ्याला हा फरक संध्याकाळी पायांत कळतो. खोट एकच, पण मोठी: हायड्रोलिसिस. ओलाव्याने या साहित्याच्या साखळ्या तुटतात आणि काही वर्षांनी तळ खारी बिस्किटासारखा भुगा होऊन पडतो. न वापरता कपाटात ठेवलेला जोडही असाच जातो. म्हणून सवलतीत आला म्हणून दोन जोड घेऊन एक जपून ठेवणं हा पॉलियुरेथेनमध्ये आतबट्ट्याचा व्यवहार. तळावर साच्यात उमटलेलं गोल घड्याळासारखं चिन्ह असतं, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष दिसतं. ते बघूनच घ्यावा.

ईव्हीए (फोमसारखं प्लास्टिक) सगळ्यांत हलका, पाण्यावर तरंगतो, थंडीत ऊब देतो. तळ मात्र लवकर घासतो, काटा-खिळा सहज आरपार जातो, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर घासलेला ईव्हीए पाय घसरवतोच. बागेत झाडांना पाणी घालायला ठीक, बांधकामावर नको.

निओप्रीन (एक कृत्रिम रबर) म्हणताना जरा थांबा, कारण या नावाने दोन वेगळे बूट विकले जातात. एक्स्ट्राटफच्या जुन्या घाटाच्या बुटात निओप्रीन हा द्रवात बुडवून चढवलेला भरीव थर आहे. तो माशाच्या तेलाला दाद देत नाही आणि तळाच्या चेव्हरॉन (व्ही आकाराच्या) खाचा ओल्या डेकवर धरतात. ‘मक बूट’ प्रकारात मात्र खाली रबराचा कवचासारखा भाग आणि वर निओप्रीनच्या फोमची नळी असते. ही नळी पोटरीवर छान बसते, ऊब देते, पण आत पाणी गेलं तर वाळायला दोन-दोन दिवस घेते, आणि रबर व फोम जिथे चिकटवलेले असतात ती सांधच आधी सुटते. खरेदीच्या वेळी तिथे अंगठ्याने दाबून दोन्ही बाजूंना ओढून बघावं. कड किंचितही उचलली तर जोड ठेवून द्यावा.

खाली रबर, वर कातडं असा ‘डक बूट’ही याच सांध्याचा बळी. एल. एल. बीन यांनी १९१२ मध्ये असे पहिले १०० जोड विकले, त्यांतले ९० रबरापासून कातडं उसवल्यामुळे परत आले. त्यांनी पैसे परत दिले आणि रचना सुधारली. शिवण सुधारली तरी सांध्याच्या वर पाणी गेलं की हा बूट जलरोधक राहत नाही. चिखलवाटेला उत्तम, ओढ्याला नाही.

साहित्य ओळखायचं कसं

आतली चिठ्ठी किंवा तळावरचा शिक्का आधी बघावा. तो नसेल तर चवड्याच्या मध्यावरून आणि टाचेमागून जाणारी सरळ, उंचवट्याची बारीक रेघ शोधावी. ती साच्याच्या दोन पाकळ्या मिळतात तिथली खूण, म्हणजे ओतीव माल. रबरी बुटावर अशी अखंड रेघ नसते, उलट एकावर एक बसवलेल्या पट्ट्यांच्या कडा हाताला लागतात. नळी मुठीत चुरगळून सोडावी: रबर झटकन सरळ होतं, पीव्हीसी आळसावल्यासारखा हळू परततो आणि वळीची पुसट रेघ काही क्षण राहते. उचलताच हात फसला इतका हलका असेल तर ईव्हीए किंवा पॉलियुरेथेन. नखाने दाबल्यावर खळी राहिली तर ईव्हीए.

गळती: आधी खात्री, मग दुरुस्ती

‘बूट गळतो’ या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी घामाच्या असतात. या बुटातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे मोजा ओला होणं अटळ. दोन तास कोरड्या जागी बूट घालून काम करावं. तरीही मोजा सगळीकडे सारखा दमट झाला तर तो घाम. गळतीचा ओलावा एका जागी, थंड आणि कडा असलेला असतो.

गळती शोधायला बुटात पाणी ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. छिद्र सापडतं, पण अस्तर पाणी पितं आणि वाळेपर्यंत दोन दिवस बूट हातचा जातो. त्याऐवजी आत टिश्यू कागद चापून भरावा, बूट बादलीत नळीच्या निम्म्यापर्यंत दाबून दहा मिनिटं धरावा आणि कागद हळूच काढून कुठे भिजला ते बघावं. आणखी सोपं म्हणजे अंधाऱ्या खोलीत आत पेटता टॉर्च ठेवून मोडीची जागा वाकवून बघणं. चिरेतून उजेडाची रेघ दिसते, फक्त जाड अस्तर असेल तर ही युक्ती चालत नाही.

रबरी बुटाला सायकलच्या पंक्चरचं सामान चालतं. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. अस्तरात मुरलेला ओलावा हे ठिगळ सुटण्याचं पहिलं कारण, तेव्हा भिजलेल्या बुटाला एक दिवस द्यावाच. १०० नंबरच्या आसपासच्या पॉलिशपेपरने चमक जाईपर्यंत घासावं, पुन्हा पुसावं. सोल्युशनचा पातळ थर द्यावा, वाळला की दुसरा. बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही अशा अवस्थेत ठिगळ बसवावं. घाई केली तर आतला द्राव अडकून फुगा येतो. ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी किमान २ सेंटीमीटर मोठं असावं आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. आत लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोकावं आणि २४ तास पायात घालू नये. मोडीवरच्या चिरेला ठिगळ लावताना बूट किंचित वाकवून धरावा, नाहीतर पहिल्याच पावलाला ठिगळाची कड ताणली जाते.

पीव्हीसीला याच पद्धतीने, पण पीव्हीसीचा गोंद आणि पीव्हीसीचंच ठिगळ लागतं. हा गोंद पृष्ठभाग थोडा विरघळवून जोडतो, त्यामुळे थांबण्याची गरज कमी आणि पकड चांगली. रबराचं सोल्युशन पीव्हीसीवर दोन दिवस टिकल्याचा भास होतो, मग अख्खं ठिगळ सालीसारखं निघतं. कडक होऊन चिरलेला पीव्हीसी मात्र जोडू नये. शेजारची जागा आठवड्यात चिरते. ईव्हीएला गरम गोंदाची बंदूक बरी, कारण त्या कांड्या बहुधा ईव्हीएच्याच असतात. भुगा होऊ लागलेल्या पॉलियुरेथेनला औषध नाही.

माप

गमबुटाला लेस नाही, म्हणून सगळी पकड पावलाच्या वरच्या वळणावर. टाच चालताना सेंटीमीटरभर उचलली तर चालेल. त्याहून जास्त उचलली की चिखलात पाय बाहेर येतो आणि बूट तिथेच राहतो. अर्धी मापं क्वचित मिळतात, दोन मापांच्या मधल्या पावलाने मोठं घेऊन जाड मोजा किंवा आतला तळवा घालावा. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर, ब्रिटिश मापात एक-तृतीयांश इंच, आणि जपानी बुटांवर थेट पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते. या तिघांत जपानी पद्धतीने चूक होण्याचा संभव सर्वांत कमी. पोटरीचा घेर उभं राहून, पँटसकट मोजावा आणि नळीचा घेर त्याहून २-३ सेंटीमीटर जास्त असावा. काढताना नळी धरून ओढू नये. टाचेमागे बाहेर आलेली छोटी पायरी असते ती दुसऱ्या पायाने दाबण्यासाठीच दिलेली आहे. ज्या बुटाला ती नाही त्याचा एक गुण कापावा.

शिक्के आणि एक धोकादायक समजूत

कामाच्या बुटांवर आयएसओ २०३४५ या मानकाचे शिक्के असतात. एस४ म्हणजे २०० जूलचा आघात झेलणारी पंजाची टोपी, बंद टाच आणि स्थिर विजेचा निचरा. एस५ मध्ये त्यावर खिळा न शिरू देणारा थर आणि खाचांचा तळ. टोपी नको असेल तर आयएसओ २०३४७ खालचे ओ४, ओ५ बघावेत. नुसत्या ओल्या फरशीवरच्या कामाला खोल खाचांपेक्षा बारीक, दाट खाचांचा तळ जास्त धरतो. खोल खाचा मातीसाठी. फरशीवर त्यांची टेकायची जागाच कमी असते.

आता समजूत. ‘रबराचे बूट घातलेत, शॉक लागत नाही’ हे वाक्य जीवघेणं आहे. काळ्या रबरात कार्बन ब्लॅक असतो आणि तो वीज वाहू देऊ शकतो. एस४, एस५ बूट तर अँटिस्टॅटिक असतात, म्हणजे ते मुद्दामच थोडी वीज वाहू देतात. विजेच्या कामासाठी डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) बूट वेगळे असतात, त्यांवर किती व्होल्टपर्यंत ते लिहिलेलं असतं, आणि त्यांचीही ठराविक काळाने चाचणी करावी लागते. बाकी कुठल्याही गमबुटावर विजेच्या बाबतीत काडीचाही भरवसा ठेवू नये.

वाळवणं, ठेवणं आणि वरबूट

आतून भिजलेल्या बुटात चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरावा, तासाभराने बदलावा, नंतर खुंटीवर उलटा, तोंड थोडं तिरकं करून टांगावा. अगदी सरळ उलटा ठेवला तर ओली हवा तळाशी अडकून बसते. हीटर आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत. सुटा तळवा रोज बाहेर काढावा, वासाचं मूळ तिथेच असतं. हंगाम संपल्यावर नळीत गुंडाळलेला पुठ्ठा घालून उभे ठेवावेत, म्हणजे घोट्यात वळी पडत नाही.

शहरात कातडी बूट वाचवायला इंग्रजी अर्थाचे गलोश अजून मिळतात. रबराचे बसके गलोश टाचेकडे नीट ताणून बसले तर मजबूत निघतात. फक्त आत धूळ गेली की खालच्या बुटाचं पॉलिश घासून नेतात, म्हणून चढवण्याआधी दोन्ही पुसावेत. अलीकडे आलेली सिलिकॉनची ताणायची कव्हरं खिशात मावतात एवढाच त्यांचा गुण. टाचेच्या कोपऱ्यावर ती आधी फाटतात, आणि सिलिकॉनला बाकीचे गोंद चिकटत नाहीत, त्यामुळे ठिगळ लावायचं तर सिलिकॉन सीलंटच लागतो. घ्यायचीच असतील तर तळाला जाड, खोल खाचांची निवडावीत आणि बुटाच्या मापापेक्षा एक नंबर मोठी. तंग कव्हर पहिल्याच दिवशी टाचेवर पांढरं पडतं, आणि जिथे पांढरं पडलं तिथेच ते फाटणार असतं.